भोपळ्याचे नाव, मसाल्याची चव

चव घेणे आणि चवीची परीक्षा करणे या दोन गोष्टी वरवर एकच वाटल्या तरी त्यांच्यात पुष्कळ अंतर आहे. चव घेणाऱ्याला आपल्या जिभेखेरीज कोणालाही उत्तर द्यावे लागत नाही. परीक्षकाला मात्र समोरच्या वस्तूला न्याय द्यावा लागतो आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःची आवडनिवड दाराबाहेर ठेवावी लागते. आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे शाळेत उत्तरपत्रिका तपासण्यात गेल्यामुळे हा भेद आपल्याला चांगला ठाऊक आहे, असा प्रस्तुत लेखकाचा समज होता. गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका लहानशा गावी, भाच्याच्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून, हा समज तपासून पाहण्याची वेळ आली. निमित्त झाले भोपळ्याच्या बिअरचे.

बिअरचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे उघड आहे. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप कायद्याच्या पुस्तकात आहे, त्या राज्यातील वृत्तपत्रात या विषयावर लिहिताना थोडे दबकतच लिहावे लागते. तेव्हा प्रारंभीच सांगितलेले बरे की, येथे मद्यपानाची भलामण करावयाची नाही. ज्यांनी हा पदार्थ कधी चाखला नाही आणि पुढेही चाखणार नाहीत, त्यांचे या लेखावाचून काही अडणार नाही आणि या लेखामुळे काही बिघडणारही नाही. प्रश्न पेयाचा नसून पारखीचा आहे. एखाद्या वस्तूवर जे नाव लिहिलेले असते, ते नाव तिने खरे करावे की नाही, आणि खरे केले नाही तर परीक्षकाने काय करावे, हा तो प्रश्न. तो शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्यालाही रोजच्या व्यवहारात भेटतो.

गरजेतून आलेला भोपळा

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की दुकानांतून, उपाहारगृहांतून आणि घरांच्या पायऱ्यांवर भोपळाच भोपळा दिसू लागतो. ऑक्टोबरअखेर हॅलोवीन आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हे त्यांचे दोन मोठे सण याच ऋतूतले. त्या सुमारास तेथील बिअर करणारे कारखाने भोपळ्याची म्हणून एक खास बिअर बाजारात आणतात. तांबूस नारिंगी रंगाची, दालचिनी-जायफळाच्या वासाची ही बिअर तेवढ्या हंगामापुरतीच मिळते. ज्यांना ती आवडते ते वर्षभर तिची वाट पाहतात. ज्यांना आवडत नाही ते तिला बाटलीत भरलेला मिठाईचा मसाला म्हणतात.

या पेयाला इतिहास आहे आणि तो आजच्या बाटलीवरील चित्रापेक्षा बराच निराळा आहे. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय लोक तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावीत असत. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले तेथे उतरले ते बिअरची सवय सोबत घेऊन. परंतु बिअरला माल्ट लागते. म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ते इंग्लंडहून जहाजाने आणावे लागे आणि साहजिकच महाग पडे. रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ साली व्हर्जिनिया वसाहतीचा जो इतिहास लिहिला, त्यात याची मोठी उद्बोधक नोंद आहे. सधन लोक इंग्लंडच्या माल्टची बिअर करीत. गरीब मात्र काकवी आणि कोंडा, मका, बटाटे आणि भोपळा यांवर निभावून नेत. एवंच, भोपळ्याची बिअर ही मुळात चैन नव्हती, ती एक तडजोड होती. घरात गहू नाही म्हणून ज्वारीची भाकरी करावी, त्यातलाच हा प्रकार.

फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या दप्तरी १७७१ सालची अशा बिअरची एक कृती आहे. तिचा सारांश असा: भोपळा कुटावा, सफरचंदाप्रमाणे दाबून त्याचा रस काढावा, तो बराच वेळ उकळून वर येणारी मळी काढून टाकावी आणि मग नेहमीच्या बिअरप्रमाणे हॉप्सची फुले घालून, थंड करून आंबवावा. या कृतीत दालचिनी नाही, लवंग नाही, जायफळ नाही. भोपळा बार्लीच्या जागी आलेला आहे आणि बार्लीचेच काम करतो आहे. पुढे अमेरिकेत बार्ली विपुल पिकू लागली, माल्ट स्वस्त झाले आणि गरज संपताच हा भोपळाही मुकाट्याने निघून गेला.

मसाला आला कोठून?

मग मसाला आला कोठून? तो आला पक्वान्नातून. अमेलिया सिमन्स हिचे १७९६ साली निघालेले पाकपुस्तक हे अमेरिकन लेखकाचे अमेरिकेत छापलेले पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्यात भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ आणि आले आहे, तर दुसरीत काकवी, आले आणि जमैकाचे ऑलस्पाइस. मैद्याच्या पारीत भोपळ्याचे गोड सारण घालून भाजलेला हा पदार्थ पुढे ‘पंपकिन पाय’ म्हणून थँक्सगिव्हिंगच्या पानातला मानकरी होऊन बसला. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ साली या पक्वान्नाचा तयार मसाला डबीत भरून विकावयास काढला आणि तेव्हापासून अमेरिकन माणसाच्या नाकात भोपळा म्हणजे हा मसाला असे समीकरण पक्के झाले.

त्या मसाल्याचा प्रवासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. लवंग आणि जायफळ मोलुक्का बेटांचे, दालचिनी सिलोनची, सुंठ आपल्या मलबारची. याच मसाल्यांच्या देशाचा जलमार्ग शोधीत निघालेला कोलंबस वाट चुकून अमेरिकेच्या दाराशी पोहोचला. त्यानंतर भोपळा तिकडून इकडे आला, मसाला इकडून तिकडे गेला आणि तीनशे वर्षांनी दोघांची गाठ एका अमेरिकन गृहिणीच्या भांड्यात पडली. आणखी एक गंमत अशी की, अमेरिकेत डबाबंद मिळणारा भोपळा हा हॅलोवीनला कोरून दिवा लावतात त्या भोपळ्याहून वेगळ्या जातीचा असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आपल्या बाजारातल्या लाल भोपळ्याला अधिक जवळचा आहे. डब्यावर ‘पंपकिन’ असे लिहून आत त्याचा हा भाऊबंद घातला तर केवळ त्या कारणासाठी कारवाई करावयाची नाही, असे धोरण तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९३८ पासून ठेवलेले आहे. नावाच्या बाबतीतला सैलपणा हा असा मुळापासूनचा आहे.

आजची मसालेदार बिअर मात्र अगदी अलीकडची. कॅलिफोर्नियातील हेवर्ड या गावी बिल ओवेन्स नावाच्या छायाचित्रकाराने १९८३ साली एक छोटी मद्यशाळा काढली. वॉशिंग्टनच्या काळातील भोपळ्याच्या बिअरविषयी त्याने कोठेतरी वाचले आणि स्वतः ती करून पाहिली. भोपळा भाजून माल्टमध्ये घातला, बिअर तयार झाली, चाखली. पण भोपळ्याची म्हणून काही चव लागेना. तेव्हा त्याने दुकानातून पंपकिन पायचा मसाला आणला आणि तो बिअरमध्ये उतरविला. भोपळा खरा होता, परंतु भोपळा ‘वाटला’ तो मसाल्यामुळे. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत निघालेल्या अशा असंख्य बिअरचे मूळ या एका युक्तीत आहे.

ओवेन्सच्या भोपळ्याची चव गेली कोठे, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी. उरलेल्यात जो पिष्टांश असतो त्याची माल्टमधील विकरांमुळे साखर होते आणि ती साखर यीस्ट खाऊन टाकते. त्यातून मद्यार्क तयार होतो आणि गोडवा नाहीसा होतो. आपण ज्याला भोपळ्याची चव म्हणतो तिच्यातला गोडवा काढून टाकला, तर उरतो तो केवळ एक मातकट, मंद स्वाद आणि पेयाला येणारा किंचित दाटपणा. तो ओळखावयास जीभ शांत असावी लागते. आणि दालचिनी-लवंगेच्या गलबल्यात जीभ शांत राहत नाही.

पन्नास गुणांची उत्तरपत्रिका

आता त्या ऑक्टोबरमधल्या संध्याकाळकडे वळतो. आमचा भाचा व्यवसायाने अभियंता. बिअर घरी करणे हा त्याचा छंद. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यान्वये घरापुरती बिअर करण्यास मुभा मिळाली आणि तेव्हापासून हा छंद तेथे बराच फोफावला. अशा हौशी लोकांच्या स्पर्धांना परीक्षक लागतात, म्हणून १९८५ साली बिअर-परीक्षकांची एक प्रमाणपत्र योजना सुरू झाली. तिची रीतसर परीक्षा असते. भाचा ती उत्तीर्ण झालेला आहे, याचा त्याच्या आईपेक्षा आम्हाला अधिक अभिमान वाटला. परीक्षा कोणतीही असो, ती उत्तीर्ण झालेल्याविषयी मास्तरांना आदर वाटतोच.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी आत तीन बाटल्या फोडल्या आणि तीन-तीन पेल्यांवर केवळ आकडे लिहून ते आमच्या पुढ्यात ठेवले. कोणती बिअर कोणाची, हे भाच्यालाही ठाऊक नव्हते. पुढ्यात पाणी, बिनमिठाचा पाव आणि प्रत्येकी एक छापील गुणपत्रिका. ती पाहून आम्हाला एकदम घरी आल्यासारखे वाटले. एकूण गुण पन्नास: वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातील स्पर्शाला पाच आणि एकंदर प्रभावाला दहा. रूपाला अवघे तीन, ही गोष्ट आम्हाला विशेष भावली. सुवाच्य अक्षराला आम्हीही कधी याहून अधिक गुण दिले नाहीत. निदान देऊ नयेत, असे आम्हाला वाटत असे.

“मामा, घाई करू नका,” भाचा म्हणाला. “आधी वास घ्या. फार गार असेल तर पेला जरा तळव्यांत धरा. गारठलेल्या बिअरला वास नसतो.”

आम्ही सांगितल्याप्रमाणे केले. पहिल्या पेल्याला मसाल्याचा वास बेताचा होता. पण त्यामागे उकडलेल्या भाजीसारखा, थोडासा मक्याच्या कणसासारखा असा एक वास स्पष्ट येत होता. आम्ही मनाशी म्हटले, हाच तो भोपळा! वासाला बारापैकी नऊ दिले. दुसरा पेला म्हणजे सणाचा दिवस होता. दालचिनी, जायफळ, लवंग, व्हॅनिला, वर भरपूर गोडवा. पहिल्याच घोटाला आमची आई आठवली. ती लाल भोपळा किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून घारगे करीत असे आणि त्यात जायफळ किसून घालीत असे. आम्ही डोळे मिटून चाळीस गुण मांडले. तिसरा पेला अगदी साधा निघाला. पावाच्या कडेसारखा माल्टचा खरपूस वास, दालचिनीची पुसट आठवण, शेवटी थोडा कडवटपणा. आम्ही चोवीस गुण दिले आणि ‘सामान्य’ असा शेरा मारला.

मग दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या. भाच्याने पहिल्याला एकोणीस, दुसऱ्याला सत्तावीस आणि तिसऱ्याला अडतीस गुण दिले होते.

आमचा भ्रमाचा भोपळा फुटला तो येथे. पहिल्या पेल्यातील जो वास आम्ही भोपळ्याचा समजलो, तो भोपळ्याचा नव्हताच. फिकट माल्टमध्ये एक गंधकयुक्त द्रव्य तयार होत असते. रस पुरेसा खळखळून उकळला नाही तर ते उडून न जाता बिअरमध्ये राहते आणि उकडलेल्या मक्यासारखा किंवा कोबीसारखा वास देते. अन्य कोणत्याही बिअरमध्ये परीक्षक तो दोष म्हणून लगेच पकडतात. येथे मात्र बाटलीवर भाजीचे नाव असल्यामुळे दोष गुणाचे सोंग घेऊन पुढे आला आणि आम्ही त्याला नऊ गुण बहाल केले.

“लवंगेचंही तसंच आहे,” भाचा सांगू लागला. “काही यीस्ट अशी असतात की लवंग न घालताच लवंगेची चव आणतात. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ती हवीच असते. पण जंगली यीस्ट शिरलं तरीही तशीच चव येते, आणि तो दोष. मसाल्याच्या बिअरमध्ये ही लवंग डब्यातली, यीस्टची की घाणीतून आलेली, हे आधी ठरवावं लागतं.”

“आणि दुसऱ्या पेल्याला सत्तावीसच का? तो तर सर्वांत चविष्ट होता!” आम्ही थोडे दुखावूनच विचारले.

“मामा, चविष्ट होता, नाही कुठे म्हणतो? पण त्यात बिअर कुठे होती? मसाला काढून घेतला तर खाली काय उरतं, ते पाहायचं. तिसऱ्यात माल्ट आहे, हॉप्स आहेत, भोपळ्यामुळे आलेला थोडा दाटपणा आहे, आणि मसाला त्यांच्याशी बोलतोय. दुसऱ्यात मसाला एकटाच ओरडतोय.”

यावर आम्ही काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे काही उरले नव्हते. भाषा चुकलेली, मुद्दा एकही नाही, पण आरंभी एक सुभाषित, मध्ये एक सुभाषित आणि शेवटी एक सुभाषित, असे निबंध आम्ही आयुष्यभर तपासले आहेत. अशा निबंधाला भरघोस गुण देणाऱ्या सहकाऱ्यांवर आम्ही टीकाही केली आहे. आज आम्ही स्वतः तेच केले होते. आणि तेही का? तर त्या सुभाषितातले एक आमच्या आईच्या तोंडचे होते म्हणून.

परीक्षकही चुकू शकतो

तरीही रात्री विचार करताना असे वाटले की, भाच्याचा निवाडा मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतोच. ज्या परीक्षक-मंडळाची ती गुणपत्रिका होती, त्याच्या नियमावलीत या बिअरचा वर्ग ‘शरद ऋतूची बिअर’ या नावाने आहे. त्या वर्गात प्रवेश घेताना स्पर्धकाला आपण कोणते मसाले घातले हे लिहून द्यावे लागते. मात्र ‘पंपकिन पायचा मसाला’ एवढे शब्द लिहिले तर त्याची फोड करण्याची सक्ती नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले आहे की, हा मसाला म्हणजे नुसती द्रव्यांची यादी नसून ती एक सर्वांना ठाऊक असलेली आठवण आहे. मग ती आठवण जागविणे हाच ज्या बिअरचा हेतू आहे, तिला तुझ्यात भोपळा नाही म्हणून भोपळा, म्हणजे शून्य गुण, देणे न्यायाचे होईल काय?

आमच्या मते होणार नाही. लोकांना जी चव हवी आहे ती पक्वान्नाची आहे आणि पक्वान्नाची चव मसाल्यात आहे. ती मसाल्यानेच आणली तर त्यात फसवणूक नाही. तिळगुळात वेलची असली म्हणून कोणी तीळ कोठे आहेत असे विचारीत नाही. फसवणूक सुरू होते ती नावापाशी. बाटलीवर शेतातला टपोरा भोपळा, वसाहतकाळातील शेतकरी आणि जुन्या परंपरेचा डांगोरा. आत मात्र मसाल्याचा अर्क. अशा वेळी मसाल्याला नव्हे, त्या चित्राला गुण कापले पाहिजेत. अमेरिकेतील व्यावसायिक बिअर-उत्पादकांच्या संघटनेने आपल्या वर्गवारीत निव्वळ भोपळ्याची बिअर आणि भोपळ्याच्या मसाल्याची बिअर असे दोन स्वतंत्र वर्ग केले आहेत, हे म्हणूनच शहाणपणाचे वाटते. दोघींनी आपापल्या नावाने परीक्षेस बसावे. एकीने दुसरीच्या नावावर बसू नये. कॉफीच्या एका जगप्रसिद्ध दुकानमालिकेने भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी २००३ साली काढली. तिच्यात भोपळ्याचा अंश पडला तो २०१५ साली. लोकांनी बारा वर्षे ती आनंदाने प्यायली, यावरून चवीला भोपळा लागत नव्हता हे सिद्ध होते. आणि शेवटी तो घालावा लागला, यावरून नावाला तो लागत होता हेही सिद्ध होते.

हंगामाला तरी खरे राहा

तथापि या बिअरचा सर्वांत मोठा दोष गुणपत्रिकेवर कोठेही दिसत नाही, कारण त्याला तेथे रकानाच नाही. तो दोष आहे पंचांगाचा. भोपळ्याचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात हाती येते. पण ही बिअर दुकानांत येते ती ऑगस्टमध्ये, कधी कधी जुलैअखेरही. ऑगस्टमध्ये विकावयाची बिअर जून-जुलैत करावी लागते. तेव्हा नवा भोपळा वेलीवर फुलाच्या अवस्थेत असतो. साहजिकच जो भोपळा घालावयाचा तो गतवर्षीचा, डब्यातला. म्हणजे हंगामाच्या नावाने विकली जाणारी वस्तू त्या हंगामात जन्मलेलीच नसते.

उत्पादकांचीही बाजू आहे. थँक्सगिव्हिंग झाले की या बिअरला कोणी विचारीत नाही. दुकानातील फळीवर जो आधी पोहोचेल त्याची बाटली आधी खपते. म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याच्या एक आठवडा आधी माल काढतो आणि वर्षानुवर्षे तो आठवडा मागे सरकत जातो. यात एकट्याला थांबवून चालत नाही, हे खरे. परंतु परिणाम असा होतो की, ऐन ऑक्टोबरात, जेव्हा झाडांची पाने लाल होतात आणि माणसाला खरोखरच काही उबदार प्यावेसे वाटते, तेव्हा हाती पडणारी बाटली दोन-तीन महिन्यांची जुनी असते. जुन्या बिअरमधील मसाल्याचा सुगंध मंदावतो आणि प्राणवायूच्या संसर्गाने तिला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी कळा येते. हंगामाची घाई करणाऱ्याने अखेर हंगामालाच शिळे केलेले असते.

हे वाचून अमेरिकेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडे हापूसची पहिली पेटी बाजारात आली की वृत्तपत्रांत तिची छायाचित्रे येतात. ती जितकी आधी येईल तितकी तिची मिजास मोठी. पण चवीचा जाणकार त्या पेटीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव राखण्यासाठी. अन्यत्र पिकलेला आंबा ‘हापूस’ म्हणून खपविणाऱ्यांची जात त्यामुळे नष्ट झाली असे नाही. पण निदान नावाला एक घर मिळाले. त्या नावाच्या रक्षणासाठी कायदा आला. ऋतूच्या रक्षणासाठी मात्र कोणताही कायदा येऊ शकत नाही. तेथे ग्राहकाचा संयम हाच कायदा. तो नसेल तर दिवाळी अंक आषाढात निघू लागतील आणि त्यांच्या मुखपृष्ठावर पणती असेल.

वाट पाहणे हा हंगामी वस्तूच्या चवीचा अर्धा भाग असतो. वर्षभर मिळणारे घारगे आम्हाला आठवले असते काय? आईच्या हातच्या त्या घारग्यांची जी आठवण परमुलखात एका अपरिचित पेयाच्या घोटाने जागी झाली, ती जायफळामुळे खरीच. पण घारगे रोज होत नसत, म्हणूनही. आठवणीला गुण देता येत नाहीत आणि देऊही नयेत, हे त्या संध्याकाळी आम्ही शिकलो. मात्र तिच्याखातर एखाद्या वस्तूने आपले नाव आणि आपली वेळ पाळावी, एवढी अपेक्षा करण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाच्याकडून आपली गुणपत्रिका परत मागून घेतली. पहिल्या पेल्याचे नऊ खोडून चार केले. तिसऱ्याचे चोवीस खोडून पस्तीस केले आणि ‘सामान्य’ हा शेरा मागे घेतला. दुसऱ्यापुढचे चाळीस खोडताना मात्र हात थोडा अडखळला. शेवटी तीस लिहिले. भाच्याच्या सत्तावीसपेक्षा ते तीन अधिक का, असे त्याने विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. फेरतपासणीत परीक्षकाने आपली चूक कबूल करावी, हा नियम आम्ही पाळला. उरलेले तीन गुण पेयाचे नव्हेत, परीक्षकाच्या दुबळेपणाचे आहेत, एवढी नोंद येथे केली म्हणजे हिशेब पुरा होतो.